विश्लेषण : बालगृहातल्या मुलांना ‘त्या’ गोष्टी कोण सांगणार?

समजा, तेरा वर्षांची एक मुलगी आहे. आई नाही, वडिलांचा पत्ता नाही. बालकल्याण समितीने तिला दोन वर्षांपूर्वी एका बालगृहात ठेवले. वर्षभराने मावशी सांभाळायला तयार झाली, शाळा बदलली. मावशीकडे जमले नाही. पुन्हा बालगृह, या वेळी दुसऱ्या तालुक्यातले, आणि तिसरी शाळा. पहिल्या शाळेत आरोग्य विभागाच्या ताईंचा तास व्हायच्या आधीच ती तिथून निघाली होती. तिसऱ्या शाळेत पोहोचली तेव्हा तो होऊन गेला होता. एके दिवशी पहाटे तिला चादरीवर रक्ताचा डाग दिसतो. घाबरून ती शेजारच्या पलंगावरच्या मुलीला उठवते. ती शेजारीण चौदा वर्षांची. ती जे काही सांगेल, तेच या मुलीचे लैंगिक शिक्षण.

ही मुलगी काल्पनिक आहे. तिचा प्रवास मात्र बालसंरक्षण यंत्रणेत काम करणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल. आपल्याकडे घरातही मुलांशी या विषयावर कुणी बोलत नाही, हे खरेच. पण घरात निदान आई, मोठी बहीण, मामी, चुलत भाऊ असे कुणीतरी असते. ज्या मुलाचा सांभाळ सरकारी यंत्रणेकडे आहे, त्याला पाळी, गर्भधारणा, संमती, संसर्ग याबद्दल सांगणे नेमके कुणाचे काम? नियम चाळले तर शाळा, अधीक्षक, समुपदेशक, आरोग्य विभाग, प्रतिपालक अशी बरीच नावे निघतात. त्यामुळेच प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने सांगितले असेल.

ही मुले राहतात कुठे?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशभरात ९,५८९ बालसंगोपन संस्था आढळल्या होत्या आणि त्यांत सुमारे पावणेचार लाख मुले. संस्थांच्या संख्येत तामिळनाडूनंतर महाराष्ट्राचा क्रमांक होता.

दुसरा गट संस्थेबाहेर, कुटुंबात राहणाऱ्या मुलांचा. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ४४नुसार बालकल्याण समिती एखादे मूल नात्यात नसलेल्या कुटुंबाकडे सांभाळायला देऊ शकते. यालाच फॉस्टर केअर किंवा सरकारी मराठीत प्रतिपालकत्व म्हणतात. केंद्राने २०२४मध्ये याच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या. आता एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येते आणि दोन वर्षांच्या सांभाळानंतर त्या मुलाला दत्तक घेण्याचा मार्ग खुला होतो, पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. महाराष्ट्रात याखेरीज बालसंगोपन योजना आहे, आता ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते. तीत मूल नातेवाइकांकडे किंवा एकल पालकाकडे राहते आणि २०२३च्या वाढीनंतर महिन्याला २,२५० रुपये मिळतात.

प्रतिपालकत्वात साधारण सहा वर्षांवरील मुले दिली जातात, हे इथे लक्षात घ्यायला हवे. म्हणजे ही मुले वयात येणार ती प्रतिपालकांच्या घरातच.

शाळेत शिकवत नाहीत का?

शिकवायचे ठरले होते. केंद्र सरकार आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००५मध्ये किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. २००७मध्ये त्यातल्या चित्रांवरून आणि मजकुरावरून गदारोळ झाला आणि अनेक राज्यांनी तो थांबवला, त्यात महाराष्ट्रही होता. २००९मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको, असाच सूर लावला. त्यानंतर हा विषय जीवनकौशल्ये, किशोरवयीन आरोग्य, मूल्यशिक्षण अशा सोवळ्या नावांखाली हळूहळू परत आला. २०१८मध्ये आयुष्मान भारत अंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यानुसार प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण देऊन अकरा विषय शिकवायचे आहेत आणि प्रजनन आरोग्य व एचआयव्ही प्रतिबंध हा त्यातला एक विषय आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातही मानवी प्रजनन, मासिक पाळीचे चक्र सगळे आहे. (आमच्या वेळी सरांनी हा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला होता. वाचकांपैकी निम्म्यांचा अनुभव वेगळा असेल असे वाटत नाही.) बालगृहातल्या मुलाला ‘घरी वाचा’ सांगण्याचा अर्थ काय होतो, तेवढे फक्त बघा.

शाळेबाहेरची सोय म्हणजे राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम. २०१४पासून सुरू असलेला हा कार्यक्रम १० ते १९ वयोगटासाठी आहे. महाराष्ट्रात त्याखालचे सल्ला केंद्र ‘मैत्री क्लिनिक’ या नावाने ओळखले जाते. पाळीच्या तक्रारी, संसर्ग, गर्भनिरोधन, मानसिक ताण, सगळ्यावर तिथे मोफत बोलता येते. पण बालगृहातली मुलगी एकटी बाहेर पडू शकत नाही. सोबत काळजीवाहक मावशी असतात, आणि मावशी बाकावर शेजारी बसल्या असतील तर मुलगी डॉक्टरांना डोकेदुखी सांगून परत येते.

या विषयावर उघड बोलण्याची सुरुवात खरे तर मराठीत फार लवकर झाली. र. धों. कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यापायी अश्लीलतेचे खटले आणि दंड सोसले. त्यांचे वडील धोंडो केशव कर्वे यांनी पुण्याजवळ हिंगण्याला अनाथ बालिकाश्रम चालवला. वडिलांनी निराधार मुलींना छप्पर दिले, मुलाने शरीराबद्दल बोलायला शब्द दिले. या दोन गोष्टी शंभर वर्षांनंतरही एका इमारतीत आलेल्या नाहीत.

घरातल्या मुलांपेक्षा यांची गरज वेगळी कशी?

पहिले कारण सुरुवातीच्या गोष्टीत आलेच : शाळा बदलते, वर्ग हुकतो. बालगृहेही वयोगटानुसार आणि मुलगा-मुलगीनुसार वेगळी असतात. त्यामुळे भावंडांचीसुद्धा ताटातूट होते आणि ज्या ताईवर भरवसा बसला ती मागे राहते.

दुसरे कारण जास्त गंभीर आहे. यातली काही मुले लैंगिक अत्याचारानंतरच संस्थेत आलेली असतात. त्यांच्यासाठी हा विषय कोरी पाटी नसतो. सगळ्यांना एकत्र बसवून दाखवलेली चित्रफीत एखाद्या मुलाला थेट जुन्या प्रसंगात घेऊन जाऊ शकते. म्हणून अशा ठिकाणी शिकवणाऱ्याने आधी सांगायचे असते की आज काय बोलणार आहोत, नको वाटले तर उठून जाता येईल, आणि बाहेर कोण बसलेले आहे.

इथे ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही शाळांमध्ये रुळलेली मांडणीही अपुरी पडते. ज्याने अत्याचार केला तो माणूस बऱ्याचदा प्रेमळच असतो, खाऊ देणारा, डोक्यावरून हात फिरवणारा. जिव्हाळ्याला पारखे झालेले मूल त्या स्पर्शाला ‘वाईट’ कसे म्हणेल? आणि म्हटले, तर आपणही वाईट असे त्याला वाटू लागते. त्यामुळे आता प्रशिक्षणात ‘सुरक्षित-असुरक्षित’ असे शब्द वापरतात आणि अवयवांची खरी नावे शिकवतात. न्यायालयात जबाब देताना ‘शू करायच्या जागी’ आणि नेमके नाव यात किती फरक पडतो, हे वकिलांना विचारा.

संस्थेत खासगीपणा हीसुद्धा मिळवायची गोष्ट असते. समाईक न्हाणीघर, समाईक कपाट, पंचवीस पलंगांची खोली. पाळीची पॅड कुठे मागायची? कुलूपबंद कपाटाची किल्ली कुणाकडे? पॅड मोजून मिळतात का? मुलीला आपल्या शरीराबद्दल पहिला धडा इथेच मिळतो, वर्गातला त्यानंतरचा. हा मुद्दा किती टोकाला जाऊ शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९४मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलींची गर्भाशये पुण्याच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे त्यामागचे समर्थन होते. देशभर निषेध झाला तेव्हा ते थांबले. शिकवणे अवघड होते म्हणून अवयवच काढायचा, हा त्या वेळच्या व्यवस्थेचा उपाय होता.

आणि मुलगे? बालगृहांमध्ये या विषयावर काही होत असेल तर ते बहुतेक मुलींसाठी, आणि तेही पाळीपुरते. मुलग्यांच्या बालगृहात कोण काय सांगते? झोपेत होणाऱ्या वीर्यस्खलनासाठी मराठीत रुळलेला शब्द पाहा : स्वप्नदोष. शरीराच्या साध्या क्रियेच्या नावातच दोष. चौदा वर्षांचा मुलगा हा शब्द घेऊन मोबाइलवर शोधायला गेला, की पहिल्यांदा भेटतो तो ‘शर्तिया इलाज’वाला. मुलग्यांवरही अत्याचार होतात. पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. ज्या मुलाला आपली ओळख मुलगा की मुलगी या चौकटीत बसत नाही असे वाटते, त्याला तर कोणत्या बालगृहात ठेवायचे इथूनच प्रश्न सुरू होतो.

एचआयव्हीसह जन्मलेल्या मुलांचा प्रश्न आणखी वेगळा. लहानपणापासून रोज गोळी घेणारे मूल किशोरवयात विचारते, ही गोळी कशाची? त्याला त्याच्याच आजाराबद्दल सांगणे आणि पुढे नात्यात काय काळजी घ्यायची हे समजावणे, दोन्ही एकदमच येते.

पोक्सोमुळे बोलायची भीती?

संस्थाचालकांच्या शांततेमागे लाजेइतकीच कायद्याची धास्ती आहे. पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे. म्हणजे सतरा वर्षांच्या दोघांनी परस्परसंमतीने ठेवलेले संबंधही गुन्ह्याच्या कक्षेत येतात. कलम १९नुसार गुन्ह्याची माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१नुसार सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत शिक्षा होऊ शकते. संस्थेतल्याच कर्मचाऱ्याने बलात्कार केला तर किमान २० वर्षे कैद.

ही कलमे कशासाठी आहेत, हे बिहारमधल्या मुझफ्फरपूरने दाखवले. तिथल्या मुलींच्या बालिकागृहातले अत्याचार २०१८मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सामाजिक लेखापरीक्षणातून बाहेर आले. २०२०मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. त्याआधी त्या इमारतीत सरकारी भेटी, तपासण्या होतच होत्या.

पण याच कायद्याचा उलटा अर्थ लावला जातो : ‘मुलीने काही विचारले तर आपण अडकू.’ इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. शरीर, संमती, गर्भनिरोधन, संसर्ग याची माहिती देणे हा गुन्हा नाही आणि ते पोलिसांना कळवण्याचे कारणही नाही. मुलाने प्रत्यक्ष घडलेले सांगितले, तर कळवावे लागते. त्यामुळे जाणते समुपदेशक बोलायला सुरुवात करतानाच मर्यादा सांगून टाकतात : तू विचारशील ते मी कुणाला सांगणार नाही, पण तुला कुणी त्रास दिल्याचे सांगितलेस तर ते मला एकट्याला ठेवता येणार नाही, आणि पुढे काय करायचे ते मी आधी तुझ्याशीच बोलेन. आधी न सांगता नंतर पोलिसांना फोन केला, तर ते मूल पुन्हा कुणाशी बोलत नाही.

गर्भपाताबाबतही गैरसमज आहेत. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. कायद्यात ‘पालक’ म्हणजे तिचा सांभाळ ज्याच्याकडे आहे ती व्यक्ती, फक्त जन्मदाते आईवडील नव्हे. २०२१च्या नियमांनुसार अल्पवयीन मुलींसाठी मर्यादा २४ आठवड्यांची आहे, आणि २० आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचे मत लागते. सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार उघडले : मुलगी आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरांनी पोक्सोखालच्या कळवणीत तिचे नाव उघड करण्याची गरज नाही. हे आठवडे मोजणाऱ्या मुलीच्या बाबतीत, काय होतेय हे तिचे तिला किती लवकर ओळखता आले, यावर सगळे अवलंबून असते. पाळी चुकण्याचा अर्थच माहीत नसेल, तर कायद्याने दिलेले आठवडे तसेच निघून जातात.

पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये दिलेला निकाल इथे वाचण्यासारखा आहे. २०१८मध्ये चौदा वर्षांची मुलगी २५ वर्षांच्या तरुणाबरोबर गेली, पुढे त्यांना मूल झाले. दोषसिद्धी कायम ठेवूनही न्यायालयाने विशेष अधिकार वापरून त्याला शिक्षा दिली नाही. समाज, कुटुंब आणि यंत्रणा या सगळ्यांनीच तिला वाऱ्यावर सोडले आणि घटनेपेक्षा नंतरच्या प्रक्रियेनेच तिला जास्त त्रास दिला, असे निरीक्षण त्यामागे होते. या खटल्याच्या ओघात किशोरवयीनांच्या लैंगिक शिक्षणाचा मुद्दा न्यायालयाने केंद्रासमोर ठेवला. त्याआधी सप्टेंबर २०२४मध्ये, बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींबाबतच्या निकालातही सर्वंकष लैंगिक शिक्षणाची शिफारस होतीच.

कॅलिफोर्नियाने काय केले?

अमेरिकेत फॉस्टर केअरचा व्याप मोठा आणि त्यावरचे संशोधनही. इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि आयोवा या तीन राज्यांत फॉस्टर केअरमधून बाहेर पडणाऱ्या तरुणांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यात वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत जवळपास निम्म्या मुली एकदा तरी गरोदर राहिल्याचे दिसले. त्याच वयाच्या इतर मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे एकपंचमांश होते.

कॅलिफोर्नियात शाळांसाठी सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा कायदा आधीपासून होता. तरीही फॉस्टर केअरमधली मुले सुटतच होती, कारण तीच : शाळा बदलत राहते. २०१७मध्ये तिथे वेगळा कायदा झाला. त्याने नवा अभ्यासक्रम आणला नाही, नवी इमारत बांधली नाही. दहा वर्षांवरील प्रत्येक मुलाच्या आराखड्यात त्याच्या समाजसेवकाने दरवर्षी नोंद करायची : याला माध्यमिकच्या खालच्या टप्प्यात एकदा आणि वरच्या टप्प्यात एकदा हे शिक्षण मिळाले का? नसेल तर कसे आणि कधी देणार? आरोग्यसेवा घेण्याचा त्याचा हक्क त्याला सांगितला का? तिथे पोहोचण्यात काही अडथळा आहे का? शिवाय समाजसेवक, संस्थेतले कर्मचारी, न्यायाधीश यांच्यासाठी प्रशिक्षण. एका माणसाचे नाव आणि एक रकाना, एवढ्यावरच हा कायदा उभा आहे.

सॉफ्टवेअरमध्ये काम केलेल्यांना हे लगेच पटेल. ज्या तिकिटापुढे कुणाचेच नाव नाही, ते कधी बंद होत नाही. सगळ्यांच्या यादीत दिसत राहते, इतकेच.

आपल्याकडे रकाना कुठे आहे?

आहे. बाल न्याय आदर्श नियम, २०१६नुसार प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करावा लागतो. त्यासाठी नमुना क्रमांक ७ ठरलेला आहे. आरोग्य आणि पोषण, भावनिक गरजा, शिक्षण, खेळ, अत्याचारापासून संरक्षण, जीवनकौशल्ये, हे सगळे या आराखड्याच्या व्याख्येत आहे. लैंगिक आरोग्य वेगळे नाव घेऊन येत नाही, पण आरोग्य, संरक्षण आणि जीवनकौशल्ये या तीनपैकी कशातही ते सहज बसते. प्रगतीची नोंद पहिले तीन महिने दर पंधरवड्याला आणि पुढे दरमहा करायची असते. बालकल्याण समितीने निवासी संस्थांना महिन्यातून किमान दोन भेटी द्यायच्या आहेत, आणि प्रतिपालक कुटुंबाची तपासणी दर महिन्याला. एवढ्या भेटींत ‘याला हे कुणी, कधी सांगितले?’ हा एक प्रश्न घालायला संसदेत जावे लागत नाही. राज्याचा महिला व बालविकास विभाग परिपत्रकानेही ते करू शकतो.

आणखी एक साधन भिंतीवर टांगलेलेच आहे. नियमांनुसार प्रत्येक संस्थेत मुलांसाठी सूचना पेटी हवी, कार्यालयापासून लांब, मुलांचा हात पोहोचेल अशी, आणि किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे. तक्रारींसाठी असलेली ही पेटी निनावी प्रश्नांसाठीही चालते. लैंगिक शिक्षणाचे वर्ग घेणारे जगभर हीच युक्ती वापरतात. तोंडाने कुणी विचारत नाही, चिठ्ठीवर सगळे विचारतात.

‘सांगितल्याने मुले बिघडतील’ हा आक्षेप मात्र प्रत्येक बैठकीत येतो. युनेस्कोने २०१८मध्ये सुधारित मार्गदर्शिका काढताना जगभरचे अभ्यास तपासले होते. लैंगिक शिक्षणामुळे मुले लवकर किंवा जास्त लैंगिक संबंध ठेवतात, असे त्यात आढळले नाही. उलट अनेक ठिकाणी सुरुवात लांबली आणि निरोधाचा वापर वाढला.

प्रतिपालकांना अधिकार आहे का?

हो. कलम ४४ मुलाच्या शिक्षणाची, आरोग्याची आणि पोषणाची जबाबदारी प्रतिपालक कुटुंबावर टाकते. आरोग्यात हेही आले. तरीही अडचण समजण्यासारखी आहे. दहा वर्षांची मुलगी घरी येऊन तीन महिने झालेत, अजून ती ‘काकू’च म्हणते, अशा वेळी हा विषय काढायचा कसा? एकट्याने काढायचा नसतोच. मूल घरी येतानाच जिल्हा बाल संरक्षण कक्षाला विचारावे : याला आतापर्यंत काय सांगितले गेले आहे, यापूर्वी काही घडले आहे का, समुपदेशक कोण? मुलाचा आराखडा पाहायला मागावा. आणि पॅड न मागता कपाटात ठेवून द्यावीत, कुठे आहेत ते सांगून.

अठरा पूर्ण झाल्यावर काय?

अठराव्या वाढदिवसाला बालगृह सुटते. कलम ४६ खाली पुढे अनुरक्षणगृहाची किंवा आर्थिक मदतीची सोय आहे, साधारण २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक स्थितीत २३पर्यंत. मिशन वात्सल्यखाली महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. पण पैशांबरोबर आणखी एक बदल त्याच दिवशी होतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. आदल्या दिवसापर्यंत ज्या विषयाचे नाव काढणे गैर होते, त्यातले सगळे निर्णय दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीने एकटीने घ्यायचे असतात : खोली कुणाबरोबर घ्यायची, लग्नाला हो म्हणायचे की नाही, मूल कधी, नको असेल तर काय. काही संस्थांत लग्न लावून देणे हेच पुनर्वसन समजले जाते. मांडव पडतो, पाहुणे येतात, वृत्तपत्रांत छायाचित्रही येते. गर्भनिरोधनाबद्दल तिच्याशी कुणी बोलले होते का, हे त्या बातमीत नसते. आम्हीही ते कधी विचारलेले नाही.

मैत्री क्लिनिक १९ वर्षांपर्यंतच्या कुणालाही खुले आहे आणि ते सरकारी रुग्णालयातच असते. एचआयव्ही आणि लैंगिक संसर्गाच्या माहितीसाठी १०९७, मुलांवरच्या अत्याचाराबाबत १०९८, दोन्ही मोफत. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हातात कागदपत्रांची जी फाइल देतात, तिच्या पहिल्या पानावर हे क्रमांक लिहायला पेन पुरते.